मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात इस्ट्रोजेन जेल नीट जिरत नाही

वय ५१, पाळी जाऊन १४ महिने. गर्भाशय आहे, त्यामुळे त्याच्या अस्तराच्या संरक्षणासाठी रात्री प्रोजेस्टेरॉन (दुसरं हार्मोन) १०० मिग्रॅ. सकाळी इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) जेल ०.०६ टक्के, दोन पंप, म्हणजे २.५ ग्रॅम जेलमध्ये १.५ मिग्रॅ औषध. हे सगळं डॉक्टरांनीच लिहून दिलेलं, तीन महिने झाले. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा दिवसाला आठवरून दोनवर आल्या होत्या. एप्रिलपासून पुन्हा पाच-सहा, रात्री उशी ओली. थायरॉईड आणि बीपी नॉर्मल आहे.

जेल आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला पातळ पसरवते, चोळत नाही. तासभर त्यावर पाणी, तेल, क्रीम काही नाही. थंडीत पाच मिनिटांत वाळायचं. आता कूलरच्या दमट हवेत पंधरा मिनिटांनीही बोटाला चिकट लागतं, आणि सलवार चढवली की थोडं कापडालाच जातं. कूलर बंद केला तर घामच येतो. दंडावर लावत नाही, कारण दोन वर्षांचा नातू सतत कडेवर असतो आणि हे औषध त्याच्या अंगाला लागायला नको.

बाटलीवर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलंय. इथे बाहेर ४५, दुपारी कपाटातसुद्धा सहज ३५ च्या वर.

डोस मनाने वाढवणार नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, घरगुती उपाय कृपया नकोत. विदर्भात जेल वापरणाऱ्या किंवा देणाऱ्यांनी सांगावं: लावायची वेळ रात्रीवर नेताना मधला दिवस कसा धरायचा, आणि बाटली फ्रिजच्या दारात ठेवली तर चालते का?