अर्धा कप कॉफीनेही छातीत धडधड का होते?

प्रश्न:
सकाळी अर्धा कप कॉफी घेतली तरी थोड्याच वेळात माझ्या छातीत धडधडू लागते, सही करताना पेन हलावा इतका हाताला कंप सुटतो आणि रात्री अंग थकलेले असूनही डोळ्याला डोळा लागत नाही. हृदयाच्या तपासणीत कोणताही दोष आढळलेला नाही. सोबतचे लोक दिवसभर कॉफी पिऊनही स्वस्थ असतात. मग मलाच हा त्रास का व्हावा?

उत्तर १:
हा मनाचा खेळ आहे असे कोणी म्हटले, तर ते मनावर घेऊ नका. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे रसायन साठत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. कॉफीतील कॅफीन नेमके त्याच्याच ग्राहींवर (पेशींवरील ज्या जागांना ते रसायन चिकटते त्यांवर) जाऊन बसते व त्याचे काम अडवते. काहींच्या ग्राहींची ठेवण जन्मतःच अशी असते की थोडे कॅफीनही त्यांना अस्वस्थ करते. त्यातच यकृतातील सीवायपी१ए२ हे विकर (एन्झाइम) कॅफीनचे विघटन करते आणि त्याचा वेग प्रत्येकात निराळा असतो. सर्वसाधारणपणे निम्मे कॅफीन शरीरातून जाण्यास सुमारे ५ तास लागतात. म्हणजे दुपारी ४ वाजता घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश रात्री ९ वाजताही रक्तात असतो, आणि विकर मंद असेल तर त्याहूनही अधिक.

उत्तर २:
त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, तर चालू असलेली औषधे जरूर पाहावीत. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॅफीन शरीरात जवळपास दुप्पट काळ रेंगाळते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरील औषधही कॅफीनचे विघटन मंद करतात. धूम्रपान सोडणाऱ्यांनाही नेहमीचीच कॉफी अचानक जड जाते, कारण धुरामुळे वाढलेला विकराचा वेग पूर्ववत होतो. डॉक्टरांना हे आपणहून सांगावे.

उत्तर ३:
मलाही हाच त्रास आहे. केवळ कॉफीकडे लक्ष देऊन भागत नाही, कारण चहा, कोला, गडद चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. गोळीच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय मी मुद्दाम लावून घेतली. कॅफीनविरहित कॉफीतही काही मिलिग्रॅम उरतेच, पण सकाळी तेवढे मला सोसते. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. १२ ते २४ तासांत डोके ठणकू लागते आणि ते काही दिवस टिकू शकते. मात्रा हळूहळू उतरवावी. धडधडीसोबत चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर मात्र कॅफीनला दोष देत न बसता लगेच डॉक्टरांकडे जावे.