एकाच नावाचे दोन फोल्डर: टर्मिनलमधून एकत्र कसे करावेत?

केंद्रचालक, दारव्हा तालुका

नमस्कार. मी गावात एक छोटे सेवा केंद्र चालवते आणि सातबारा, आठ-अ, पीक विम्याच्या पावत्या स्कॅन करून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या संगणकावर ठेवते. संध्याकाळी पुतण्या मदतीला बसतो. गेल्या खरिपापासून 'शेतकऱ्यांचे अर्ज' या नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसत आहेत. अक्षर न् अक्षर सारखे, मात्रेचाही फरक नाही. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, असे मी शिकले होते. काल टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, एमव्ही (mv) आज्ञेने फाइली हलवायला गेले, तर त्याच नावाची नवी फाइल एका जुन्या सातबाऱ्यावर बसली आणि संगणकाने विचारलेसुद्धा नाही. आता हात लावायची भीती वाटते.

संगणक प्रशिक्षक, वर्धा

ताई, तुम्ही शिकलात ते बरोबरच आहे. ही दोन नावे दिसायला एक असली तरी संगणकाच्या लेखी वेगळी आहेत, आणि गोम 'ऱ्या' या अक्षरात आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' ची स्वतंत्र कळ असते. इतर काही पद्धतींत तोच आकार 'र' ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) देऊन, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह मिळून तयार होतो. लिनक्स नावातील बाइट (अक्षरे साठवणारे आकडे) जसेच्या तसे ताडून पाहते, आकार पाहत नाही. नावांची यादी देणाऱ्या एलएस (ls) आज्ञेचा निकाल बाइट दाखवणाऱ्या 'ओडी -सी' (od -c) कडे पाठवून पाहा: ३४० २४४ २६१ आले तर 'ऱ' सलग आहे, २७४ दिसला तर नुक्ता आहे आणि ३४२ २०० २१५ दिसले तर जोडचिन्ह आहे.

एकत्र करताना मात्र ही नावे हाताने टंकू नका, कारण तुमच्या बोटांतून नेहमी एकच रूप उमटणार. 'एलएस -आय' (ls -i) ने प्रत्येक फोल्डरचा आयनोड क्रमांक, म्हणजे नावाशी संबंध नसलेला अंतर्गत क्रमांक, मिळतो; तो शोधणाऱ्या 'फाइंड' (find) ला '-इनम' (-inum) पर्यायाने देऊन एकाचे नाव 'अर्ज' आणि दुसऱ्याचे 'जुने' असे करून घ्या. मग 'जुने' मधील फाइली 'एमव्ही -एन' (mv -n) ने 'अर्ज' मध्ये न्या. '-एन' असला की आधीच्या फाइलवर नवी बसत नाही, ती जागीच राहते. 'जुने' मध्ये मागे उरलेली प्रत्येक फाइल 'अर्ज' मधील त्याच नावाच्या फाइलशी 'सीएमपी' (cmp) ने ताडा. ही आज्ञा काहीच बोलली नाही, तर दोन्ही फाइली तंतोतंत एक आहेत. शेवटी 'जुने' काढायला 'आरएमडीआयआर' (rmdir) च वापरा, कारण फोल्डर रिकामा नसेल तर ती सरळ नकार देते. 'आरएम -आर' (rm -r) ला असली भीडभाड नसते, ती आतल्या फाइलींसकट काढून टाकते.

कालची फाइल कचरापेटीत शोधू नका, एमव्ही तिथे काही टाकत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येईल. बाकी कागद पुन्हा स्कॅन करावे लागतील.

निवृत्त शिक्षक, पुसद

एक पुस्ती जोडतो. फाइलच्या नावात '७/१२' लिहिता येत नाही, कारण तिरपी रेघ ही फोल्डर वेगळे करण्याची खूण आहे. म्हणून कोणी '७-१२' लिहितो, कोणी 'सातबारा', कोणी इंग्रजी आकड्यांत, आणि मग एका रूपाने शोधले की दुसरे सापडत नाही. 'सातबारा' हेच ठरवून टाका आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नावाच्या आरंभी ठेवा. मग एलएस आपोआप काळाच्या क्रमाने यादी देईल.

केंद्रचालक, दारव्हा तालुका

आभारी आहे, सर. ३४२ २०० २१५ च निघाले. पुतण्या त्याच्या लॅपटॉपवर फोनेटिक पद्धतीने टंकतो आणि तो फोल्डर तिथूनच पेनड्राइव्हने आला होता. 'जुने' मध्ये अकरा फाइली उरल्या. दहांवर सीएमपी गप्प राहिली. अकरावी एका विमा पावतीची होती आणि तिच्यात दुसरे पान जास्त होते, म्हणून ती वेगळ्या नावाने ठेवली. एकत्र केलेल्या फोल्डरचे नाव आता नुसते 'अर्ज' असेच राहील.