'अभ्यासात मन घाल' एवढ्यानं भागत नाही
कॉलेजात कुणाचं ब्रेकअप झालं की 'अभ्यासात मन घाल, आपोआप विसरशील' असा सल्ला दिला जातो. तो मला पटत नाही. ब्रेकअपनंतर मन थाऱ्यावरच नसतं. तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही, झोप उडते, घास घशाखाली उतरत नाही. हा दुबळेपणा नव्हे. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी नुकतंच नातं तुटलेल्या ४० जणांचे मेंदूचे स्कॅन काढले. जुन्या जोडीदाराचा फोटो बघताना त्यांच्या मेंदूतले जे भाग सक्रिय झाले, त्यांतले काही हाताला चटका बसतानाही सक्रिय होत होते.

त्यात कॉलेजात सुटका नसते. वर्ग तोच, ग्रुप तोच, आणि ती व्यक्ती दोन बाक पुढे बसलेली. रात्री परत फोनवर तिचं 'लास्ट सीन' बघणं सुरू! निदान तेवढं तरी थांबवा, म्यूट करा. जखमेवरची खपली रोज काढली तर ती भरणार कशी?

मित्रांनो, उपदेश नको, नुसते सोबत बसा. मेसला ओढून न्या. आणि कुणी 'जगण्यात अर्थ नाही' असं बोललं, तर स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी समुपदेशकाकडे घेऊन जा.