तुरुंगात किती कैदी आहेत हे कसं कळणार?

चहाबाज: आमच्या जिल्ह्याच्या जेलमध्ये क्षमता किती आणि कोंबलेत किती, त्यातले कच्चे कैदी किती, एवढंच विचारायचंय. फोन केला तर साहेब म्हणाले "गोपनीय आहे". खरंच का?

पारावरचा: कसलं गोपनीय राव! एनसीआरबी (गुन्हे आणि तुरुंगांचे आकडे ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) दरवर्षी ३१ डिसेंबरचे आकडे छापते. २०२२ चे बघ, देशभरात ५,७३,२२० कैदी, जागा ४,३६,२६६ आणि पाऊण लोक अजून खटला चालू असलेले, म्हणजे शिक्षाच झालेली नाही. फक्त रिपोर्ट उशिरा येतो, तोवर आकडे शिळे.

दहा रुपयांचं तिकीट: ताजे हवे तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाक. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटव, विषय एकच ठेव आणि १५० शब्दांत आटप, नाहीतर आपल्या महाराष्ट्रात त्यावरूनच परत पाठवतात (माझा एकदा आलाय, सतरा प्रश्न विचारले होते 😅). नावं मागू नकोस, नुसते आकडे माग, बराकीनिहाय. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला पैसे लागतात पण २० रुपयेच.

चहाबाज: बरं, उद्याच टाकतो. पोच घेऊ ना?

दहा रुपयांचं तिकीट: शिक्क्यासकट!