वृद्धाश्रमात 'शेवटी उपचार कसे हवेत' हे आधीच विचारून लिहून ठेवायचं आहे, कोणी केलंय का? (नाशिक)

गोदाकाठची_ताई

नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडच्या बाजूला एका वृद्धाश्रमात व्यवस्थापक आहे, ९ वर्षं झाली. ४२ आजी-आजोबा आहेत, त्यातले १४ अंथरुणावर, सात-आठ जणांना डिमेन्शिया. दिवसा दोन सिस्टर, रात्री एक ब्रदर आणि तीन मावश्या, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात.

मागच्या श्रावणात आमच्या एका आजींचं जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये. वय ८८, हार्ट फेल्युअर, वर्षभरात तीनदा ॲडमिट होऊन आलेल्या. मला किती वेळा म्हणाल्या असतील, वेणी घालताना मावशीलाही म्हणायच्या, की आता परत त्या काचेच्या खोलीत नेऊ नका गं, इथे माझ्या कॉटवर जाऊ द्या, तोंडात गंगेचं पाणी घाला आणि पोराला फोन लावून द्या. सगळ्यांना माहीत होतं पण फाइलमध्ये एक ओळ नव्हती. रात्री अडीचला दम लागला, ब्रदर नवीन होता, त्याने १०८ ला फोन केला, तिकडे नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं. मुलगा पुण्याहून सकाळी पोचला, मुलगी परदेशात, दोघांचं एकमत होईना, आणि त्यात अकरा दिवस गेले. मी भेटायला गेले तेव्हा नळी ओढू नये म्हणून दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधलेले आणि गळ्यातली तुळशीची माळ कापून प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण बोलता येत नव्हतं. बाराव्या दिवशी गेल्या. ब्रदरला मी एक शब्द बोलले नाही, लिहून ठेवायचं काम माझं होतं.

परदेशात नर्सिंग होममध्ये (तिकडे नर्सिंग होम म्हणजे वयस्कर माणसं कायमची राहतात ती जागा, आपल्यासारखं छोटं हॉस्पिटल नव्हे) ॲडव्हान्स केअर प्लॅनिंग म्हणून हे रीतसर करतात असं ऐकलं. आपल्याकडे कायद्याने चालतं का, आणि मुख्य म्हणजे विषय काढायचा कसा? आमचे ट्रस्टी म्हणतात लोक म्हणतील हे ॲडमिशनलाच मरणाच्या कागदावर सही घेतात.

आयसीयू_नाशिकरोड

ताई, मी आयसीयूत डॉक्टर आहे, तुम्ही लिहिलेल्या आजींसारखे पेशंट आमच्याकडे दर आठवड्याला येतात आणि सोबत आलेल्या मावशीला काहीच माहीत नसतं. काही लिहिलेलं नसेल तर आम्ही सगळं करणारच, दुसरा पर्यायच नसतो.

पहिली गोष्ट, फॉर्मच्या मागे लागू नका. मूळ काम बोलण्याचं आहे, कागद म्हणजे त्या बोलण्याची नोंद. कॅनडात ऑन्टारिओमध्ये सहा नर्सिंग होममध्ये याचा अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला. तिथे नुसते फॉर्म वाटले नाहीत, स्टाफ, राहणारे आणि घरचे तिघांनाही शिकवलं. ज्या होममध्ये हे केलं तिथे हॉस्पिटलच्या फेऱ्या बऱ्याच कमी झाल्या आणि मृत्यू काही वाढले नाहीत. मेलबर्नमधल्या एका हॉस्पिटलमध्ये ८० च्या वरच्या ३०९ पेशंटवर झालेला अभ्यास २०१० चा, त्यात पुढच्या सहा महिन्यांत जे गेले त्यांच्यातल्या बोलणं झालेल्या ८६ टक्के लोकांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली, बोलणं न झालेल्यांत ३० टक्के. आणि घरच्यांनाही नंतर त्रास कमी झाला, मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं कारण अकरा दिवस भांडणारी भावंडं मी रोज बघतो.

विचारताना 'व्हेंटिलेटर हवा का' असं विचारू नका, कोणाला काय कळणार त्यातून. तब्येतीबद्दल तुम्हाला काय वाटतं, कशाची जास्त भीती वाटते, आणि तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कोणी बोलायचं, एवढंच. मग डॉक्टरने त्याचं भाषांतर करायचं. छाती दाबून हृदय चालू करणं म्हणजे काय तेही खरं सांगा, ८५-९० च्या नाजूक माणसाच्या बरगड्या मोडतात आणि वाचून पुन्हा आधीसारखं होणारे फार थोडे. छाती दाबायची नाही असं ठरवायचं असेल तर त्यासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) गाइडलाइन्स २०२० पासून आहेत.

आणि एक कळकळीने सांगतो, 'हॉस्पिटलला न्यायचं नाही' एवढंच लिहून जागेवर आरामाची सोय केली नाही तर तो छळ आहे. दम लागल्यावर मॉर्फिनच्या छोट्या डोसने खूप आराम पडतो, त्यासाठी पॅलिएटिव्ह केअरचे (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे) डॉक्टर आधी जोडून घ्या. मांडीचं हाड मोडलं तर हॉस्पिटलला न्यायचंच, लघवीचं इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक द्यायचंच, कोणतं करायचं आणि कोणतं नाही हे एकेक लिहायला लागतं.

सीबीएस_वकील

कायद्याचं मी सांगतो. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला पाच जणांच्या खंडपीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि असं इच्छापत्र आधी करून ठेवता येतं असं सांगितलं, लोक लिव्हिंग विल म्हणतात ते. तेव्हा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ते कोणाला जमेना, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला नियम सोपे केले. आता दोन साक्षीदार, शक्यतो स्वतंत्र, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. वय १८ पूर्ण आणि मन सावध असलं पाहिजे. आपल्या वतीने निर्णय घ्यायला एकापेक्षा जास्त जणांची नावं देता येतात, केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येतं. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची, तेव्हा महापालिकेच्या राजीव गांधी भवनात एकदा चौकशी करून घ्या. वृद्धाश्रमाच्या स्टाफने साक्षीदार होऊ नये हा माझा आग्रह, उद्या कोणी बोट दाखवायला नको.

पंचवटीकर६१

मला हे वाचून भीतीच वाटली, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. वृद्धाश्रमात फी थकवणारी मुलं असतात, आई कधी जाते याची वाट बघणारीही असतात. त्यांच्या हातात असा कागद गेला तर? आणि इंजेक्शन देऊन मारायला परवानगी असल्यासारखंच आहे ना हे?

सीबीएस_वकील

नाही काका, इंजेक्शन देऊन मारणं हा आजही गुन्हाच आहे. हे फक्त जिथे बरं होण्याची आशाच उरलेली नाही तिथे यंत्रं लावायची नाहीत किंवा काढायची, यापुरतं आहे. तेही मुलाच्या एकट्याच्या सांगण्यावरून होत नाही. हॉस्पिटलमध्ये उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ मिळून एक बोर्ड बसतं, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले एक डॉक्टर असतात, दोन्हींनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं आणि यंत्र काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. तुमची भीती खरी आहे, म्हणूनच आजीला मुलासमोर नाही तर आधी एकटीला विचारायचं, आणि 'सगळे उपचार करा' हेही उत्तर तितक्याच मानाने लिहून घ्यायचं.

इंदिरानगरची_लेक

माझ्या दादांना (वडील) सात वर्षं डिमेन्शिया होता, शेवटची दोन वर्षं एका केअर सेंटरमध्ये. शेवटी गिळेनात म्हणून रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातली, त्यांनी ओढली, परत घातली, परत ओढली, मग हाताला बॉक्सिंगच्या ग्लोव्हजसारखे कापडी गोळे बांधले. ज्या माणसाने आयुष्यभर देवळालीच्या शाळेत शिकवलं त्याचे हात असे बघवेनात मला. नंतर एका डॉक्टर मॅडमनी सांगितलं की इतक्या पुढे गेलेल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, हाताने चमच्या-चमच्याने जेवढं जाईल तेवढं भरवणं बरं. मग नळी काढली, मी आणि तिथली एक मावशी पेज भरवायचो, कधी चार चमचे कधी दोन, एका चमच्याला पाच मिनिटं. सात आठवडे राहिले. मावशीला ते शिकवलं होतं, मान थोडी पुढे, आधीचा घास गिळल्याशिवाय दुसरा नाही.

ताई, डिमेन्शियावाल्यांचं आधी घ्या, आज ज्यांना थोडं विसरायला होतंय ते आज सांगू शकतात. दादांना आम्ही पहिल्या वर्षी विचारायला हवं होतं, तेव्हा ते सगळं सांगू शकत होते आणि आम्ही त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो.

ओझर_निवृत्त

मी ७९ वर्षांचा, स्वतः एका वृद्धाश्रमात राहतो, तीन वर्षं झाली, आधी ओझरला एचएएलमध्ये होतो. एवढंच सांगायचंय की आम्हाला विचारा. लोकांना वाटतं म्हाताऱ्यांना मरणाचा विषय नको असतो, अहो आमच्या ओट्यावर संध्याकाळी दुसरा विषय काय असतो? कोण गेलं, कसं गेलं, किती दिवस काढले. आमच्या शेजारचे एक जण रात्री झोपेत गेले तर चार जण म्हणाले पुण्यवान होता. घाबरता तुम्ही लोक. फक्त ॲडमिशनच्या दिवशी विचारू नका, त्या दिवशी माणूस घर सोडून आलेला असतो, बॅग उघडायची पण इच्छा नसते. महिना-दोन महिने जाऊ द्या.

आयसीयू_नाशिकरोड

काकांचं शंभर टक्के खरं. अमेरिकेत १९९१ पासून कायद्यानेच नर्सिंग होमला ॲडमिशनच्या वेळी याची माहिती द्यावी लागते, पण माहिती देणं वेगळं आणि उत्तर मागणं वेगळं. आणखी एक राहिलं, बऱ्याच वृद्धाश्रमांतून शेवटच्या तासात पेशंट आमच्याकडे येतो तो उपचारासाठी नाहीच, वृद्धाश्रमातच मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, पोलिस येतील या भीतीने येतो. हॉस्पिटलबाहेर नैसर्गिक मृत्यू झाला तर ओळखीच्या, आधीपासून तपासत असलेल्या डॉक्टरला मृत्यूच्या कारणाचा दाखला देता येतो, फॉर्म ४ ए. तुमच्या व्हिजिटच्या डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवा, रात्री तीनला येणार का हेही. हे ठरलेलं नसेल तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही, रात्रीचा ब्रदर परत १०८ लाच फोन करणार.

गोदाकाठची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, तीनदा वाचलं. डॉक्टरांशी बोलले, ते दाखल्याला तयार आहेत आणि रात्रीचा नंबरही दिला. ट्रस्टींना ओझरच्या काकांचा मेसेज वाचून दाखवला, आधी पाच जणांपासून सुरू करा म्हणाले. प्रत्येकाच्या फाइलच्या पहिल्या पानावर पिवळा कागद लावणार, त्यात मराठीत मोठ्या अक्षरात त्यांचेच शब्द, कोणाला फोन करायचा, डॉक्टरांचा नंबर, आणि रात्रपाळीवाल्याने ड्युटी सुरू होताना वाचून सही करायची. ज्यांना नोटरी करायचंय त्यांचं वेगळं.

काल पहिलं बोलणं झालं, ८१ वर्षांचे आजोबा, किडनीचा आजार, डायलिसिस नको म्हणून आधीच सांगितलेलं. मी घाबरत घाबरत विषय काढला, चहा तसाच राहिला. ते पाऊण तास बोलले. त्यातलं निम्मं बायकोबद्दल होतं, तिला शेवटी भेटू दिलं नाही आयसीयूत, ते. मग म्हणाले लिहा, 'दम लागला तर औषध द्या, झोप येऊ द्या. मुलगी कॅनडाहून येईपर्यंत मला धरून ठेवू नका. तिला तिकीट काढायला लावू नका. फोन माझ्या कानाला लावा, स्पीकरवर नाही, कानाला.'

तेवढं लिहून घेतलं आणि आज दुपारी त्यांच्यासमोरच मुलीला व्हिडिओ कॉल करून वाचून दाखवलं. ती रडली, ते नाही रडले. शेवटी तिने विचारलं की बाबा कोणत्या कानाला, डाव्याने तर तुम्हाला ऐकू येत नाही. ते कागदावर राहिलं होतं, आता 'उजव्या' असं लिहिलंय.