मदत हवी आहे: डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग कुठे घ्यावी?

डिकीत चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. इंजिन चालू असताना स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, रेस दिली की तिचा सूर चढतो. त्यामुळे पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडली आहे त्या जोडावर. वायर सध्या मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला आवळलेली आहे. ती तिथून काढणारच, जीव वाचवणाऱ्या बोल्टखाली रिंग टर्मिनल नकोच. आता स्टेपनीच्या खळग्याजवळ पत्र्याला नवीन भोक पाडावं, की टेललॅम्पचा मूळ अर्थ पॉइंट 4 गेजच्या जाड वायरला पुरेल? सीटखाली पेट्रोलची टाकी आहे, त्यामुळे ड्रिल चालवायची धास्ती वाटते. रंग खरवडून पत्रा उघडा केल्यावर रत्नागिरीच्या दमट हवेत गंज धरू नये म्हणून वरून काय लावता? आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज ड्रॉप (या वायरीत आणि जोडात किती व्होल्ट वाया जातात ते) बघायचा तो गाणी मोठ्याने वाजत असतानाच ना?