प्रतिसाद: मिरनी म्हणजे नुसता खड्डा नव्हे

वर कुणी तरी लिहिलंय की सायबेरियातलं मिरनी गाव म्हणजे हिऱ्यांच्या खाणीचा एक भलामोठा खड्डा आणि बाकी काही नाही. खड्डा आहेच, ५२५ मीटर खोल. पण थोडी भर घालतो.

१९५५ साली इथे हिरे सापडले तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञांनी मॉस्कोला सांकेतिक तार केली होती : 'शांततेचा पाईप ओढतोय, तंबाखू उत्तम आहे.' मग गाव वसलं. जमीन कायम गोठलेली, त्यामुळे इमारती खांबांवर उभ्या. गरम पाण्याचे नळही जमिनीवरूनच, जाडजूड गुंडाळलेले, आणि रस्ता आडवा आला की कमानीसारखे वर उचललेले!

रेल्वे नाही. जड माल उन्हाळ्यात लेना नदीतून लेन्स्क बंदरापर्यंत, पुढे ट्रकने. वस्ती पस्तीसेक हजार, आणि जवळजवळ सगळा डोलारा अलरोसा या एकाच हिरे कंपनीवर. २०१७ मध्ये भूमिगत खाणीत पाणी घुसलं, आठ कामगार परत आलेच नाहीत.

आणि हो, इकडच्या कच्च्या हिऱ्यांना पैलू पाडायचं काम बरंचसं आपल्या शेजारच्या सुरतेत चालतं. त्यामुळे युक्रेन युद्धावरून रशियन हिऱ्यांवर आलेल्या २०२२ नंतरच्या निर्बंधांची झळ तिथल्या घंटीवाल्यांनाही (हिरे घासायच्या चाकावर बसणाऱ्या कारागिरांनाही) बसली.